अर्ध्या पेनीचा नाताळ

डिसेंबर १८४३. लंडनच्या रस्त्यात तुम्ही पाऊल टाकता आणि कोळशाचा धूर थेट घशात उतरतो. दुपार अजून सरलेली नाही, तरी दुकानांतले दिवे लागले आहेत. पुस्तकांच्या दुकानाच्या काचेमागे डिकन्स यांचं नवंकोरं छोटं पुस्तक मांडलेलं आहे, किंमत पाच शिलिंग. 'अ ख्रिसमस कॅरोल'च्या त्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपणार आहेत, हे या गर्दीत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही आला आहात दुसऱ्याच वस्तूसाठी. ओल्ड बाँड स्ट्रीटवरच्या बारा नंबरच्या दुकानात शिरा.

तळहातावर मावेल एवढं नाताळच्या शुभेच्छांचं जाड कार्ड आहे. शिळाप्रेसवर छापलेलं, मग हातानं रंगवलेलं. मध्यभागी एक भरलं कुटुंब, आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत, पेले उंचावून तुमच्याकडेच बघतंय. एका लहानग्या मुलीच्या ओठांनाही पेला लावलेला आहे. दारूबंदीवाले यावरून संतापणार आहेत. दोन्ही बाजूंच्या चौकटींत भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसं आहेत. त्या चौकटींपाशी जरा थांबा, कारण पुढच्या कार्डांच्या महापुरात त्या फारशा दिसणार नाहीत. वर 'यांस' लिहिलेली रिकामी ओळ, खाली 'यांजकडून' लिहिलेली रिकामी ओळ. किंमत एक शिलिंग. मजुराच्या घरात हे कार्ड जाणार नाही.

हे करवून घेणारे हेन्री कोल पस्तिशीचे आहेत. सरकारी दफ्तरखान्यात नोकरी, शिवाय फेलिक्स समर्ली या टोपणनावानं मुलांच्या पुस्तकांचं संपादन आणि डोक्यात आणखी दहा योजना. टेबलावर उत्तर न दिलेली पत्रं साचली आहेत आणि या पुराला त्यांचाही हातभार लागलेला आहे. रोलंड हिल यांच्या पेनी टपालासाठी कोल यांनी मनापासून राबून प्रचार केला होता. त्याआधी अंतर आणि कागदांची संख्या मोजून टपालखर्च ठरायचा आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी बसायचा. १८४० पासून अर्ध्या औंसाचं पत्र देशात कुठंही एका पेनीत जाऊ लागलं. १८३९ मध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रं गेली होती, पुढच्याच वर्षी सुमारे १६ कोटी ९० लाख. आता नाताळाला ज्याची ओळख तो लिहितो आणि उत्तर न देणं हा उद्धटपणा ठरतो. म्हणून कोल यांनी आपले चित्रकार मित्र जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांना गळ घातली. हजारेक प्रती छापल्या, स्वतःला हव्या तेवढ्या ठेवल्या, उरलेल्या इथं विकायला आल्या. कोल यांनी आपल्या आजीला आणि आत्याला पाठवलेलं कार्ड २००१ मध्ये लिलावात सुमारे वीस हजार पौंडांना जाईल. हातातलं कार्ड हळूच जागेवर ठेवा.

कोल यांनी श्रम वाचवण्याची युक्ती काढली, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मजकूर छापला, चित्र छापलं, पण वरचं नाव आणि खालचं नाव त्यांनी हातासाठी मोकळं ठेवलं. माणूस आठवण्याचं काम त्यांनी छापखान्याकडे दिलं नाही. नंतरच्या पिढ्यांनी तेवढंच काम किती वाढवलं, ते बघायला चाळीस वर्षं पुढं चला.

१८८०चं दशक. कोपऱ्यावरची टपालपेटी आता लाल झाली आहे. उपनगरातल्या एका घरात जेवणाच्या टेबलावरचं कापड काढून जुने कागद अंथरलेत आणि तुम्हाला बसायला खुर्ची मिळते ती खळीच्या भांड्याशेजारी. हे काम आज सुरू झालेलं नाही. थोरला मामा मुंबईला असतो. इटलीतल्या ब्रिंडिसीहून सुवेझमार्गे जाणाऱ्या टपालाला घरापासून तिथं पोहोचायला तीनेक आठवडे लागतात, म्हणून घरातलं वर्षाचं पहिलं कार्ड नोव्हेंबरातच जातं. या घरात नाताळ सुरू होतो तो मुंबईच्या पत्त्यापासून.

मुली कात्रणं चिकटवताहेत. जर्मनीत छापलेली, उठावाची, रंगीत देवदूत आणि फुलं. उन्हाळ्यात जाड पुस्तकात दाबून ठेवलेली नेच्याची पानं धाकटी बोटांच्या टोकांनी उचलते. एक पान तुटतं आणि तिचे डोळे भरतात. जाळीदार कागदाची किनार नीट बसत नाही, तुम्ही कोपरा धरून ठेवता. शेजारी विकतच्या कार्डांचा गठ्ठा आहे. रंगीत शिळाछपाईनं ती स्वस्त केली आहेत. केट ग्रीनअवे यांनी काढलेली टोपीवाली मुलं, राफाएल टक कंपनीची फुलं, नाचणारे बेडूक आणि, तुम्ही दचकता, बर्फात मरून पडलेला रॉबिन. जिवंत रॉबिन तर जागोजागी आहे, चोचीत पत्र धरून. पोस्टमन पूर्वी लाल कोट घालत, लोक त्यांनाच रॉबिन म्हणत. तोच इथं पाखरू होऊन आलाय.

टेबलाच्या टोकाला आई यादीची वही घेऊन बसली आहे. खरी मेहनत तिथं चालली आहे.

"मिस्टर आणि मिसेस असं नको लिहूस," ती थोरलीला थांबवते. "ते मार्चमध्ये गेले. आता एकट्या बाईंच्याच नावानं."

पेन थांबतं. मग पुढचं नाव. मुलींना शिकवायला येणाऱ्या बाई, आता दुसऱ्या गावी, पत्ता बदललाय का? भांडून गेलेले काका, त्यांना पाठवायचं की नाही यावर वडील वर्तमानपत्राआडून काही बोलत नाहीत. आई त्यांचं नाव लिहिते. एका कुटुंबाकडून दोन वर्षं काहीच आलं नाही. क्षणभर विचार करून ती त्या नावावर रेघ ओढते. नवी जन्मलेली मुलं, तुटलेली लग्नं, कुणाची परदेशी नोकरी, सगळं या वहीच्या समासात आहे. या घराचा इतिहास कुणी लिहिला नाही आणि लिहिणारही नाही. तो वर्षातून एकदा इथं दुरुस्त होतो, एकेका नावापाशी थांबून, आणि ते थांबणं बाईच्याच वाट्याला येतं. कोल यांचं नाव इतिहासात राहिलं, या वह्या धरणाऱ्या बायकांची राहिली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या वाट्याला पाकिटं येतात.

"चिकटवू नका हं," आई सांगते. "झाकण नुसतं आत खोचायचं."

उघडं पाकीट अर्ध्या पेनीत जातं, बंद केलं की पूर्ण पेनी. पन्नास-साठ पाकिटांत हा फरक घराला कळतो. टपालखात्यानं १८८० पासून लोकांना लवकर टाका म्हणून विनवायला सुरुवात केली आहे, तरी शेवटची चळत घेऊन धाकटा चोवीस तारखेलाच पेटीकडे पळतो.

पंचवीस डिसेंबरच्या सकाळी दारावर थाप पडते. ब्रिटनमधला पोस्टमन नाताळच्या दिवशीही येतो आणि अजून कित्येक दशकं येत राहील. आई त्याच्या हातावर नाणं ठेवते, मुलं पाकिटांवर झडप घालतात. काकांचं कार्ड आलंय. वडील ते वाचून खिशात घालतात. आणि गठ्ठ्याच्या तळाशी त्या कुटुंबाचं कार्ड, ज्यांच्यावर रेघ ओढली होती. आजारपणात दोन वर्षं गेली, असं मागं बारीक अक्षरात लिहिलंय.

आई उभ्याउभ्याच वही उघडते, रेघेच्या वर नाव पुन्हा लिहिते आणि थोरलीला हाक मारते, "शाई आण गं. आणि बघ, नव्या वर्षाचं एखादं कार्ड उरलंय का?"