पुढच्या वर्षी बघू

आमच्या शाळेचा क्रिकेट संघ यंदा पहिल्याच सामन्यात हरला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले आणि पंचनामा सुरू झाला. गणिताचे सर म्हणाले, प्रशिक्षक बदला. आमच्याकडे प्रशिक्षक म्हणजे पीटीचेच सर. ते तिथेच बसले होते. म्हणाले, "दोन महिने मैदानावर लग्नाचे मंडप होते, तेव्हा तुम्ही कुठे होतात?" वाद रंगला. शेवटी पाण्याचा जग ठेवायला आलेले शिपाई चाचा, ज्यांना क्रिकेट आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, जाता जाता बोलले, "मास्तर, तो डावखुरा पोरगा पुढच्या वर्षी राहणार आहे का, ते आधी विचारा."

सगळे गप्प झाले. कारण त्या मुलाचे अब्बा मला आदल्याच आठवड्यात भेटून गेले होते. बोरिवलीकडच्या एखाद्या शाळेत घालावं का, असं विचारत होते.

संघ हरला की दोष कोणाचा आणि पुढच्या वर्षी काय, हा वाद मुंबईच्या मैदानांइतकाच जुना आहे. आरोपी मात्र दर काळात वेगळा. १९०७ साली मुंबईत युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ ला मुस्लीम संघ आला आणि ते चौरंगी झाले. १९३७ ला ‘इतर’ नावाचा संघ येऊन पंचरंगी. त्या काळी आजच्या अर्थाने प्रशिक्षक नव्हताच. त्यामुळे भांडण व्हायचं ते निवडीवरून आणि कप्तानावरून. पळवणकर बाळूंसारखा गोलंदाज हिंदू संघाला वर्षानुवर्षं सामने जिंकून देत होता, पण दलित म्हणून कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलं नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि संघ जिंकला. एका घराण्याला आपला हक्क मिळवायला इतके मोसम लागले. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य बाळूंनी किती वेळा ऐकलं असेल?

मुस्लीम संघाने ही स्पर्धा पहिल्यांदा जिंकली १९२४ साली. पण आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असायचं ते १९४४. ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदू संघाविरुद्धचा अंतिम सामना, एक गडी राखून विजय आणि के. सी. इब्राहिमच्या नाबाद १३७ धावा. मी लहान असताना एक बुजुर्ग हा सामना असा सांगायचे की जणू शेवटची धाव त्यांनीच काढली. रेडिओवर तरी ऐकला होता का, हे विचारायची हिंमत कोणी केली नाही.

धर्मावर संघ पाडू नयेत, असं गांधीजींनी १९४० च्या डिसेंबरात सांगितलं होतं. तरी स्पर्धा १९४६ च्या सुरुवातीपर्यंत चालली. बंद झाली ते बरं झालं, असं माझं मत आहे. ‘आपला संघ’ गेला याची हळहळ मी घरातही ऐकली आहे, पण इब्राहिमचंच उदाहरण घ्या. १९४८-४९ च्या मोसमात तो मुंबईचा कप्तान होता आणि रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याने २१९ धावा केल्या. माणूस तोच, बॅट तीच. फक्त आता त्याच्यासाठी सगळी मुंबई टाळ्या वाजवत होती. पुढे तो कराचीला निघून गेला, ती गोष्ट वेगळी.

पंचरंगी गेल्यावर क्रिकेटवेड्या मुंबईकराला ‘आपलं’ म्हणायला रणजीचा संघ होता, क्लब होते आणि शाळा होत्या. हॅरिस शिल्ड आणि गाइल्स शिल्ड या शालेय स्पर्धा तर पंचरंगीपेक्षाही जुन्या. अंजुमन-इ-इस्लाम शाळेच्या वसीम जाफरने शालेय सामन्यात नाबाद ४०३ धावा केल्या. बेस्टच्या बस ड्रायव्हरचा हा मुलगा १९९६-९७ मध्ये रणजीत आला आणि दुसऱ्याच सामन्यात नाबाद ३१४ करून गेला.

प्रशिक्षक हा माणूस खरा मोठा झाला तो याच शालेय क्रिकेटमध्ये. रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात जायला लावलं. मुलगा शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागी झाली, ती शारदाश्रमाच्या नावावर लागली. वांद्र्याच्या शाळेतही कोणी पीटीचे सर असतीलच. त्यांच्या स्टाफरूममध्ये त्या वर्षी काय बोलणं झालं असेल, हा विचार माझ्या मनात हल्लीच येऊ लागला.

उर्दू शिकवतो म्हणून सांगतो, आमच्याकडे ‘उस्ताद’ हा एकच शब्द शाळेच्या मास्तरालाही चालतो आणि पहिलवान घडवणाऱ्यालाही. ‘कोच’ची गंमत वेगळी. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावी चांगल्या घोडागाड्या बनत, त्यावरून गाडीलाच कोच म्हणू लागले. पुढे ऑक्सफर्डच्या पोरांनी परीक्षेतून ओढून पार नेणाऱ्या शिकवणीवाल्याला ते नाव दिलं. म्हणजे कोच म्हणजे मुळात गाडी. पालघरकराला हे वेगळं समजवायला नको.

कारण आपल्या शार्दूल ठाकूरला दोन्ही कोच लागले. तो बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरचा विद्यार्थी. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला शालेय सामन्यात विरुद्ध संघातून खेळताना पाहिलं आणि आपल्या शाळेत आणलं. रोहित शर्माही त्यांचाच विद्यार्थी. रोजचा प्रवास मुलाला झेपणार नाही म्हणून लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. डहाणूपर्यंत लोकल आली २०१३ साली. त्याआधी आपल्याकडून जाणाऱ्याला शटल, पॅसेंजर किंवा मेमूची वाट बघावी लागायची, आणि खांद्यावर किटबॅग असेल तर डब्यातल्या लोकांची बोलणीही खावी लागायची. बोरिवलीच्या शाळेकडून खेळताना शार्दूलने हॅरिस शिल्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले.

पुढचं लोक विसरतात. २०१२ साली तो रणजीत आला, तेव्हा पहिल्या चार सामन्यांत मिळून त्याला चारच बळी मिळाले, तेही एकेक ८२ धावा मोजून. तेव्हा कट्ट्यावरच्या पंडितांचं ऐकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पुढच्या मोसमात सहा सामन्यांत २७ बळी. त्याच्या पुढच्या मोसमात दहा सामन्यांत ४८. कसोटीतही तेच. २०१८ ला हैदराबादला दहा चेंडू टाकून दुखापतीने बाहेर, आणि २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला ६७ धावा आणि सात बळी. त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात सिराजने पाच बळी घेतले आणि शार्दूलने चार. आमच्या नाक्यावर त्या दिवशी दुपारी चहा फुकट होता.

आणि प्रशिक्षक बदला म्हणणाऱ्यांनी चंद्रकांत पंडित आठवावेत. २०१५-१६ मध्ये त्यांच्या हाताखाली मुंबई रणजी जिंकली. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि मुंबईचा प्रशिक्षक बदलला. पंडित विदर्भाला गेले. ज्या विदर्भाने करंडक कधी जिंकला नव्हता, त्याने तो लागोपाठ दोनदा उचलला. वसीम जाफर तेव्हा विदर्भाकडूनच खेळत होता. मग पंडित मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने हरवलं ते मुंबईलाच. हे मी गणिताच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आपण पंडितांना बोलवायचं म्हणता?"

त्या मुलाच्या अब्बांना मी काय सांगितलं? खरं सांगायचं तर धड काहीच नाही. ते एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतात. बोरिवलीत ओळखीचं कोणी नाही. लाड सरांसारखा घरात ठेवून घेणारा प्रत्येकाला भेटत नाही. शार्दूल गेला म्हणून शार्दूल झाला, हे खरं. पण बोईसर-पालघरहून किटबॅग घेऊन गेलेली आणि दहावीला कमी गुण घेऊन परत आलेली मुलंही माझ्याच वर्गात बसली आहेत. त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. मी एवढंच म्हटलं, "भाई, पहिल्यांदा एक आठवडा तुम्ही स्वतः पहाटेच्या गाडीने जाऊन बघा. मग पोराला विचारा."

ते परवापासून जात आहेत म्हणे, रात्रपाळी संपवून तसेच. दाखल्याचा अर्ज अजून ऑफिसात आलेला नाही. पीटीच्या सरांनी पुढच्या वर्षीच्या संघाची यादी करायला घेतली आहे. सलामीला त्या पोराचं नाव आहे, पेन्सिलीने लिहिलेलं.