टर्केल, स्टड्स : अर्थजीवनावरील मुलाखती

स्टड्स टर्केल (१६ मे १९१२–३१ ऑक्टोबर २००८) हे शिकागोच्या ‘डब्ल्यूएफएमटी’ या नभोवाणी केंद्राचे निवेदक. १९५२ ते १९९७ या काळात त्यांनी तेथे मुलाखतींचा कार्यक्रम चालवला. लेखक, वादक, नट, चळवळीतले कार्यकर्ते असे नाना तऱ्हेचे पाहुणे त्यांच्याकडे येत. अमेरिकेच्या अर्थजीवनाबद्दलचे त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र स्टुडिओबाहेर झाले. टेपरेकॉर्डर घेऊन ते लोकांपर्यंत गेले आणि बेकारी, मजुरी, धंदा आणि दिवाळे यांविषयी, ज्यांच्यावर ते सारे गुदरले त्यांनाच त्यांनी बोलते केले.

टर्केल यांचे मूळ नाव लुई. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या टर्केल यांचे बालपण शिकागोत गेले. आईवडील तेथे पुरुष कामगारांसाठी ‘वेल्स-ग्रँड’ नावाचे स्वस्त हॉटेल चालवत. मंदी आली तशी तेथील बिऱ्हाडकरूंची कामे सुटली आणि भरदिवसा खाली बैठकीत रिकामे बसलेल्या माणसांची संख्या वाढू लागली. टर्केल यांना अर्थशास्त्राचा पहिला धडा मिळाला तो येथेच, असे म्हणायला हरकत नाही. १९३४ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या लेखक-प्रकल्पात ते नभोवाणीसाठी लिहू लागले. पुढे डाव्या विचारांच्या अर्जांवर केलेल्या सह्या मागे घ्यायला त्यांनी नकार दिला. मॅकार्थी काळात त्यांना काळ्या यादीत टाकण्यात आले आणि ‘स्टड्स प्लेस’ ही त्यांची दूरचित्रवाणी मालिका बंद पडली. ‘डब्ल्यूएफएमटी’वरची कारकीर्द त्यानंतरची.

‘हार्ड टाइम्स’ (१९७०) हे पुस्तक १९२९ च्या महामंदीच्या आठवणींचे आहे. गोल्डमन सॅक्सचे सिडनी वाइनबर्ग यांना बाजार कोसळला तेव्हा आठवडाभर घरी न जाता कचेरीतच काढलेले दिवस आठवतात. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्या वडिलांची ॲरिझोनातली जमीन हातची गेली आणि कुटुंब कॅलिफोर्नियात मजुरीसाठी भटकू लागले. गीतकार यिप हारबर्ग यांचा विजेच्या उपकरणांचा धंदा बुडाला, आणि त्यांना तर त्यातून सुटल्यासारखेच वाटले. एकच घटना, पण ती जिन्याच्या कोणत्या पायरीवरून पाहिली त्यावर तिचा अर्थ ठरतो. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. या आकड्यातून जे कळत नाही ते या मुलाखतींत सापडते : लाज. काम गेले ते व्यवस्थेच्या दोषाने, हे मान्य करूनही अनेकांनी मनातल्या मनात दोष स्वतःकडेच घेतला होता आणि चाळीस वर्षांनंतरही तो सल गेला नव्हता.

‘वर्किंग’ (१९७४) मध्ये शंभराहून अधिक माणसे आपल्या कामाबद्दल बोलतात. पोलाद कामगार, वेट्रेस, शेतमजूर, गवंडी, शेअर दलाल, एका उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष असे हे लोक. त्यांतील अनेकांची नावे बदललेली आहेत. मोटार कारखान्यांवरील भाग विशेष वाचनीय आहे. फोर्डच्या कारखान्यातला वेल्डिंग करणारा कामगार, त्याच्या वरचा फोरमन आणि जनरल मोटर्सच्या लॉर्ड्सटाउन कारखान्यातील युनियनचा अध्यक्ष या तिघांचे बोलणे तेथे आहे. लॉर्ड्सटाउनमध्ये तासाला सुमारे शंभर गाड्या बाहेर काढण्याचा वेग कामगारांवर लादला गेला आणि १९७२ मध्ये संप झाला. त्या तरुण कामगारांचे गाऱ्हाणे मजुरीपेक्षा त्या वेगाबद्दल आणि यंत्राचा सुटा भाग होण्याबद्दल होते, हे त्यांच्याच पुढाऱ्याच्या बोलण्यातून कळते. उलट, गवंड्याला आपण रचलेला दगड वर्षानुवर्षे दिसत राहतो याचे समाधान आहे. रेगन काळातील वाढत्या विषमतेवर ‘द ग्रेट डिव्हाइड’ (१९८८) हे पुस्तक त्यांनी याच पद्धतीने केले, पण त्यात आधीच्या दोन पुस्तकांची धार क्वचितच जाणवते.

टर्केल ठरीव प्रश्नावली वापरत नसत. गप्पांच्या ओघात प्रश्न येई, आणि समोरचा थांबला तरी ते घाईने बोलत नसत. यंत्रे हाताळण्यात ते अगदीच अनाडी होते. टेपरेकॉर्डरशी त्यांची चाललेली झटापट पाहून मुलाखत देणाऱ्याचे दडपण उतरे. नंतर लांबलचक उतारा कापून, क्रम बदलून, बहुतेक प्रश्न गाळून त्याचे स्वगत केले जाई. शब्द बोलणाऱ्याचे, बांधणी टर्केल यांची.

आक्षेप नेमका येथेच घेतला जातो. निवड आणि काटछाट संपादकाच्या हाती असल्याने त्याचा डावा कल मजकुरात उतरतो. शिवाय आठवणींना पुरावा मानता येत नाही. ‘हार्ड टाइम्स’ हे स्मृतींचे पुस्तक आहे, काटेकोर तथ्यांचे नव्हे, असे टर्केल यांनी स्वतःच आरंभी सांगितले आहे. इतिहासकार मायकेल फ्रिश यांनी १९७२ मध्ये या पुस्तकावर लिहिताना ही उणीवच अभ्यासाचा विषय मानली : लोक काय विसरतात आणि व्यवस्थेच्या अपयशाला वैयक्तिक अपयशाचे रूप कसे देतात, हे त्यातून दिसते. मजुरीचे दर किंवा बेकारीचे प्रमाण यांसाठी ही पुस्तके उपयोगाची नाहीत. त्या आकड्यांखाली जगणे कसे होते, यासाठी मात्र त्यांना पर्याय नाही.

टर्केल यांना १९८५ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला, तो दुसऱ्या महायुद्धावरील ‘द गुड वॉर’साठी. ‘वर्किंग’वरून स्टीफन श्वार्ट्झ यांनी केलेले संगीत नाटक १९७८ मध्ये ब्रॉडवेवर आले. त्याच पुस्तकापासून प्रेरणा घेऊन २०२३ मध्ये बराक ओबामा यांच्या निवेदनासह एक माहितीपट-मालिका निघाली. नभोवाणीवरील पाच हजारांहून अधिक कार्यक्रमांच्या ध्वनिफिती शिकागो इतिहास संग्रहालयाकडे असून २०१८ पासून त्या टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुल्या केल्या जात आहेत.