फाटकाच्या आत

पुण्यात घर शोधणारा माणूस हल्ली चार प्रश्न विचारतो. पाणी किती वेळ येतं, लिफ्टला जनरेटर आहे का, पार्किंग मिळेल का आणि सिक्युरिटी कशी आहे. बहुधा याच क्रमाने! फाटकाआडच्या वसाहती भीतीपोटी उभ्या राहतात असं कुणी म्हटलं की मला हा क्रम आठवतो.

तसं फाटक काही नवीन नाही. अहमदाबादच्या जुन्या पोळी पाहा. बहुतेकदा एका जातीची किंवा एका धंद्यातली माणसं, तोंडाशी दरवाजा, रात्री तो बंद. आपल्या वाड्यांनाही दिंडी दरवाजा असायचाच.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीबाहेर, हवा-उजेडाचं घर हे मध्यमवर्गाचं स्वप्न झालं. १९१५ साली गावदेवीच्या सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण सोसायटी नोंदवली. त्यांना चोरांची धास्ती नव्हती. परवडणारं घर हवं होतं, आणि शेजारी आपली माणसं.

ब्राझीलची गोष्ट वेगळी. साओ पावलोजवळ १९७० च्या दशकात आल्फाव्हिल वसलं. पुढे गुन्हे वाढले तशी तिकडे अशा वसाहतींची जाहिरात सुरक्षिततेच्याच नावाने होऊ लागली.

आपल्याकडे उदारीकरणानंतर पगार वाढले, पण नळाचं पाणी त्या वेगाने वाढलं नाही. हडपसरला सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारेकशे एकर जमीन एकत्र करून, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेऊन मगरपट्टा सिटी उभी केली. लोकांनी तिथे नुसता फ्लॅट घेतला नाही, चालणारं गाव विकत घेतलं.

मीही अशाच एका सोसायटीत राहतो. टँकर, जनरेटर, रखवालदार, कचरा, सगळं मेंटेनन्समधून. म्हणजे ही आमची छोटी नगरपालिकाच. सोय आहे, नाकारत नाही. पण वाड्यातला नळ कोरडा पडला की मालक आणि भाडेकरू दोघांचीही घागर रिकामी राहायची, आणि मग तक्रारीलाही दोघं जायचे. आम्ही टँकर मागवतो आणि विषय संपतो.

कामाला येणाऱ्या मावशी फाटकावर पास दाखवून आत येतात. त्यांच्या वस्तीत पाणी आलं नाही की त्यांना उशीर होतो. आम्हाला कळतं ते तेवढंच.