धुळीच्या पायांची जत्रा

जत्रा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पाळणा येतो, रेवड्या-बत्ताशांची दुकाने येतात, तमाशाचा तंबू येतो. माझ्या डोळ्यांसमोर उरूसही येतो. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी चिंचेच्या झाडाखाली गाणे चालते, आणि ऐकणाऱ्यांत कोण कुठल्या धर्माचा हे कोणी विचारत नाही. जत्रेचा मोठा गुण हाच, की तिथे सगळेच पाहुणे असतात.

आज मी ज्या जत्रेविषयी सांगणार आहे ती अमेरिकेतली आहे. तिला तिकडे ‘रेनेसाँ फेअर’ म्हणतात. रेनेसाँ म्हणजे युरोपातला प्रबोधनकाळ. अमेरिकेतल्या मोकळ्या माळावर लाकडी घरांचे एक गाव उभारायचे, त्याला चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडचे रूप द्यायचे आणि शनिवार-रविवारी लोकांनी त्या काळचे कपडे घालून तिथे हिंडायचे. कोणी लोहार असतो, कोणी विदूषक, कोणी सरदार. एक राणी असते, आणि बहुधा ती पहिली एलिझाबेथ असते. घोड्यांवरून भाल्यांच्या झुंजी होतात. लोक टर्कीची भाजलेली भलीमोठी तंगडी हातात धरून खात फिरतात.

या जत्रेचा जन्म एका रेडिओ केंद्रासाठी झाला, हे आकाशवाणीवरून सांगताना मला विशेष आनंद होतो. लॉस एंजेलिसमध्ये ‘केपीएफके’ नावाचे एक केंद्र आहे. ते जाहिराती घेत नाही, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते. १९६०च्या सुमारास अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावाने जी धास्ती पसरली होती, तिची झळ या केंद्रालाही लागली. १९६३ साली सिनेटच्या एका उपसमितीने त्याच्या चालकांची चौकशी केली. त्याच वर्षी मे महिन्यात फिलिस पॅटरसन नावाच्या एका शिक्षिकेने आणि तिचा पती रॉन याने या केंद्राला पैसे मिळवून देण्यासाठी जुन्या इंग्रजी धर्तीची एक वसंतजत्रा भरवली. ही बाई लॉरेल कॅन्यन भागात मुलांना घेऊन जुन्या इटालियन पद्धतीची नाटके बसवीत असे. मुलांच्या त्या खेळांतूनच जत्रेची कल्पना निघाली. संशयावरून ज्यांना चित्रपटसृष्टीने काम देणे बंद केले होते, अशा काही कलावंतांनी आणि तंत्रज्ञांनीही या जत्रेला हात लावला. वर्तमानात ज्यांना जागा उरली नव्हती, त्यांनी भूतकाळात आपली राहुटी ठोकली, असे म्हणायला हरकत नाही. हजारो लोक आले. पुढे ही कल्पना देशभर पसरली. टेक्सास राज्यात ह्यूस्टनच्या वायव्येला टॉड मिशन येथे १९७४ पासून अशी जत्रा भरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले शनिवार-रविवार तिथे लाखो माणसे येऊन जातात.

ही सारी माहिती मी गोळा केली ती माझ्या भाच्यामुळे. तो डॅलसला शिकतो. गेल्या वर्षी त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी टॉड मिशनला जायचे ठरवले. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पाचही जण विद्यार्थी, म्हणजे खिसे सारखेच हलके. त्यांचा बेत फोनवरून ऐकताना मला आपल्या दिंड्यांची आठवण झाली. दिंडीत जशी आधी वर्गणी ठरते, मग मुक्काम, मग शिधा, तसेच यांचे चालले होते. पाच जणांत एकच मोटार, तीही एकाची जुनी. पेट्रोलचे पाच वाटे. हॉटेल नको, जत्रेच्या आवाराला लागूनच तंबूंसाठी जागा मिळते. तंबू एकाकडून उसना. तिकिटे आधी काढायची, कारण दारात ती महाग पडतात. शनिवारी पहाटे निघायचे, रात्री तंबूत राहायचे, रविवारी संध्याकाळी परत. टर्कीची तंगडी माझ्या भाच्याला हलाल नसल्याने चालणार नव्हती. ती महागही होती, त्यामुळे धर्म आणि खिसा या दोहोंचे एकमत झाले. तंबूजवळ खिचडी करायची असे ठरले.

एवढ्यावर सगळे जमले. अडले ते कपड्यांवर. साध्या कपड्यांत गेले तरी चालते, पण मग जत्रेची गंमत निम्मी होते. भाड्याने घ्यावेत तर तिकिटापेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. मित्रांनी जुन्या सदऱ्यांवर चामडी पट्टे बांधून शेतकरी आणि खलाशी व्हायचे ठरवले. माझ्या भाच्याला मात्र त्यांच्यातला एक जण हसत हसत म्हणाला, “तुला काय अडचण आहे? तू सॅरसन हो. फक्त लढाईत तुला हरावं लागेल.” सॅरसन म्हणजे धर्मयुद्धांच्या गोष्टींमधला मुसलमान. सगळे हसले, भाचाही हसला. पण रात्री त्याने मला फोन केला. “मामू, त्या काळच्या इंग्लंडात माझ्यासारखा माणूस नुसता हरायलाच होता का?” त्याने विचारले.

त्या प्रश्नात थट्टेपेक्षा जास्त काही होते. मी गेली तीस वर्षे मराठीत कविता लिहितो. कविसंमेलन संपल्यावर कोणीतरी प्रेमाने जवळ येऊन विचारतो, “तुमचं मराठी एवढं चांगलं कसं?” विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून मीही हसतो. पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : तुम्ही इथे कसे? भाच्याला पडलेला प्रश्न माझ्याच घरातला होता. त्याला मी जे उत्तर दिले, ते तुम्हालाही सांगतो.

आधी खऱ्या जुन्या जत्रांविषयी. लंडनच्या स्मिथफील्डमध्ये ११३३ पासून १८५५ पर्यंत बार्थोलोम्यूची जत्रा भरत असे. तिथे कापडाचा मोठा व्यापार चाले. अशा जत्रांना स्वतःचे एक छोटे न्यायालय असे आणि त्याचे नाव मोठे गोड होते : ‘पायपावडर कोर्ट’. फ्रेंचमध्ये ‘पिए पूद्रे’ म्हणजे धुळीने माखलेले पाय. दूरवरून चालत आलेल्या, पायांवर रस्त्याची धूळ असलेल्या व्यापाऱ्याला न्याय लगेच मिळायला हवा, कारण उद्या तो पुढच्या गावी जाणार. म्हणून वजनात खोट, उधारी, मारामारी अशी प्रकरणे तिथल्या तिथे निकालात निघत. १३०३ साली पहिल्या एडवर्ड राजाने परदेशी व्यापाऱ्यांना सनद दिली. तिच्यात असेही होते, की परदेशी व्यापाऱ्याचा खटला असेल तर पंचांपैकी निम्मे परदेशी असावेत. बाहेरून आलेल्याला जत्रेत नुसती जागा देऊन भागत नाही, त्याचे म्हणणे समजणारी माणसेही पंचांत बसवावी लागतात, हे त्या राज्यकर्त्यांना कळले होते. जत्रेला गिऱ्हाईक हवे असेल, तर धुळीच्या पायांचा मान राखावाच लागतो.

आता एलिझाबेथ राणीचा काळ. कॅथलिक स्पेनशी तिचे वैर होते. तिला मित्र हवे होते आणि व्यापारही हवा होता. तुर्कस्तानचा सुलतान तिसरा मुराद याच्याशी तिचा पत्रव्यवहार १५७९ पासून सुरू झाला. १५८१ मध्ये तिने तुर्की मुलखाशी व्यापार करणाऱ्या कंपनीला सनद दिली. १६०० साली मोरोक्कोच्या सुलतानाचा राजदूत अब्द अल-वाहिद बिन मसूद लंडनला आला. स्पेनविरुद्ध दोघांनी हात मिळवावा, हे त्याच्या येण्याचे मोठे कारण होते. तो सहा महिने तिथे राहिला. तिथे त्याचे चित्र काढले गेले आणि ते आजही इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठाकडे आहे. पांढरा पायघोळ झगा, पांढरे पागोटे, वरून काळा अंगरखा, कमरेला तलवार, आणि नजर अशी की समोरच्याने आधी बोलावे. शेक्सपिअरने ‘ऑथेल्लो’ लिहिले ते यानंतर थोड्याच वर्षांत. म्हणजे मुसलमान त्या इंग्लंडात पाहुणा म्हणून, मित्र म्हणून, राजाचा वकील म्हणून राहून गेला होता.

या कहाणीची दुसरी बाजू आपल्या मुलखात येते. १५८३ साली राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी हे व्यापारी, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार, आणखी काही सोबत्यांसह लंडनहून ‘टायगर’ नावाच्या जहाजाने निघाले. अलेप्पोला गेलेल्या ‘टायगर’चा उल्लेख शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्येही आहे. त्यांच्याजवळ राणीने अकबर बादशहाला लिहिलेले पत्र होते. अलेप्पो, बगदाद, बसरा करीत हे चौघे होर्मुझला पोहोचले. तिथे पोर्तुगीजांनी त्यांना हेर समजून पकडले आणि गोव्याच्या तुरुंगात टाकले. तिथे त्यांच्या मदतीला धावून आला तो फादर थॉमस स्टीफन्स, त्यांच्याच देशाचा एक जेझुइट. त्याच्या आणि इतरांच्या खटपटीने ते जामिनावर सुटले. स्टोरी गोव्यातच राहिला. बाकीचे तिघे १५८४च्या एप्रिलमध्ये नदी ओलांडून निसटले, ते बेळगावमार्गे विजापूरला, म्हणजे आदिलशाहीच्या राजधानीत. पुढे गोवळकोंडा, बऱ्हाणपूर, मांडू, उज्जैन करीत, पावसाने फुगलेल्या नद्या जीव मुठीत धरून पोहत, ते आग्र्याला आणि फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. लीड्स अकबराच्या चाकरीत राहिला. परतीच्या वाटेवर निघालेल्या न्यूबेरीचा पुढे पत्ता लागला नाही. फिच एकटा १५९१ मध्ये लंडनला परतला. खिशात फारसे काही नसताना मित्रांनी मिळून केलेला प्रवास म्हणाल, तर त्या काळातला याहून मोठा मला माहीत नाही. पोर्तुगीज मुलखातून पळालेल्या या ख्रिस्ती माणसांना पुढची वाट मिळाली ती मुसलमान सुलतानांच्या राज्यांतून.

आणि तो फादर स्टीफन्स? तो १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, इथेच राहिला. त्याने ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूरला छापला गेला. आपल्या भाषेचे जे कौतुक या इंग्रजाने त्यात केले, ते आजही मराठीची थोरवी सांगताना व्यासपीठावरून म्हटले जाते. एलिझाबेथ जन्मली १५३३ मध्ये, आणि आपल्या एकनाथांचे जन्मसालही परंपरेने तेच मानतात. नाथांनी भारुडांतून हिंदू-तुर्कांचा संवाद घडवला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. इंग्रज मराठीत ओवी रचत होता, मुसलमान योगावर मराठीत ग्रंथ लिहीत होता. “तुम्ही इथे कसे?” असे यांनाही कोणी विचारले असेल. त्यांचे उत्तर त्यांच्या ग्रंथांत आहे.

हे सगळे मी भाच्याला दोन-तीन रात्री थोडे थोडे सांगितले. मग त्याने त्या राजदूताचे चित्र शोधून काढले आणि पोशाखाचा प्रश्न सुटला, तोही जवळजवळ फुकटात. ईदचा पांढरा पायघोळ कुर्ता त्याच्याकडे होताच. माझ्या बहिणीने निघताना दिलेल्या पांढऱ्या ओढणीचे पागोटे झाले. ते बांधून दिले त्याच्या सोलापूरच्या मित्राने, कारण लग्नकार्यात फेटे बांधायची सवय त्यालाच होती. काळा अंगरखा जुन्या कपड्यांच्या दुकानातून दोन कॉफींच्या किमतीत आला. तलवार महाग होती, म्हणून सुलतानाचा वकील नि:शस्त्र गेला.

जत्रेत लोकांनी विचारले, “आपण कोण?” तो सांगायचा, “मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील. सन १६००.” काहींनी हसून फोटो काढले. दरबारी वेषातल्या एका म्हाताऱ्या नटाने मात्र टोपी काढली, कमरेत वाकून मुजरा केला आणि विचारले, “स्पेनच्या काय बातम्या?” भाचा म्हणतो, त्या क्षणी आपण कोणाचे तरी सोंग घेतले आहे असे त्याला वाटलेच नाही.

परतल्यावर हिशोब झाला. ठरल्या वर्गणीत सगळे बसले होते, आणि थोडे पैसे उरले ते पुढच्या वर्षासाठी ठेवले आहेत. पुढचा बेतही ठरला आहे. ‘सॅरसन हो’ म्हणणाऱ्या मित्राला आता राल्फ फिच व्हायचे आहे. बाकीचे तिघे न्यूबेरी, लीड्स आणि स्टोरी. माझा भाचा विजापूरच्या आदिलशाहीचा अंमलदार होणार आहे. गोव्याहून पळून आलेल्या, धुळीने माखलेल्या पायांच्या त्या चौघांना नाक्यावर थांबवून तो विचारणार आहे, “कुठून आलात? भूक लागली असेल, आधी बसा.” यावर मी त्याला एवढेच सुचवले, की स्टोरी गोव्यातच राहिला होता, म्हणून नाक्यावर तिघेच यायला हवेत. तो म्हणाला, “मामू, एवढं चालतं. त्याला एकट्याला मागे कसं ठेवायचं?”