अधिकारश्रेणीचा आलेख व त्यातील दोषशोधन : शिरपामाळ ते संगणकीय ग्राहकनोंद

जव्हारनजीकचा शिरपामाळ छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुक्कामामुळे ओळखला जातो. जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या स्वारीस जाताना महाराज येथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचे स्वागत करून शिरपेचात मानाचा तुरा खोवला व त्यावरून माळास हे नाव पडले, अशी स्थानिक परंपरा आहे. पुढे आठच वर्षांनी, जून १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळे यांनी हेच जव्हार जिंकून घेतले. या दोन घटनांच्या दरम्यान विक्रमशहांचे स्थान कोणते मानावे? मित्राचे, मांडलिकाचे की केवळ शेजाऱ्याचे? अधिकारश्रेणीचा आलेख काढावयाचा झाल्यास त्यांची चौकट कोणाच्या खाली मांडावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

नेमकी हीच अडचण आज संगणकाच्या पडद्यावर वेगळ्या वेषात उभी राहते. विसाव्या शतकाच्या अखेरीस उद्योगव्यवसायांत रुजलेल्या ग्राहकसंबंध व्यवस्थापनाच्या, म्हणजे सीआरएमच्या, सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकसंस्थेतील व्यक्तींची नोंद ठेवतात. नोंदीत ‘वरिष्ठ कोण’ असा एक रकाना असतो. आलेख सामान्यतः कोणी हाताने काढीत नाही. या रकान्यांवरून प्रणालीच तो रचते. साहजिकच आलेख चुकला असता चित्राकडे पाहत बसण्यात अर्थ नसतो, मूळ नोंदीकडे जावे लागते. रकाना रिकामा राहिला तर ती व्यक्ती शाखेपासून तुटून एकटी पडते. एकाच व्यक्तीची दोनदा नोंद झाली तर तिचे कनिष्ठ दोन ठिकाणी विभागले जातात. दोघांना परस्परांचे वरिष्ठ नोंदविले तर चक्र तयार होते व त्यास शिखरच उरत नाही. कधी नोंदी बिनचूक असूनही आलेख अपुरा दिसतो. अशा वेळी पाहणाऱ्यास काही नोंदी पाहण्याचा अधिकार आहे काय, हे आधी तपासावे. मात्र सर्वांत बिकट दोष तांत्रिक नाही. रकान्यात एकच नाव मावते, आणि माणसास वरिष्ठ अनेकदा दोन असतात.

आधुनिक संघटना-आलेखाचा आरंभ सामान्यतः १८५५ मध्ये डॅनियल मॅक्कॅलम याने न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेसाठी तयार करविलेल्या आलेखापासून मानतात. तो वृक्षाच्या आकाराचा असून त्यात संचालक मंडळ शिखरावर नव्हे, तर मुळाशी आहे. परंतु पदांची, त्यांच्या कामांची व मानाची निश्चिती ही कल्पना महाराष्ट्रास त्यापूर्वी दोन शतके परिचित होती.

१६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी अष्टप्रधानांची पदे संस्कृत नावांनिशी निश्चित झाली. मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान होते, हंबीरराव मोहिते सेनापती. आठही प्रधान थेट छत्रपतींस जबाबदार, म्हणजे आलेख अवघ्या दोन पायऱ्यांचा. पण न्यायाधीश व पंडितराव वगळता इतर प्रधानांना प्रसंगी लष्करी मोहिमाही कराव्या लागत. जव्हार जिंकणारे मोरोपंत मुलकी कारभाराचे प्रमुख होते, ही बाब येथे ध्यानात घ्यावी. पदनामावरून कामाचा अंदाज बांधणाऱ्याची येथे फसगत होते. सीआरएममधील हुद्द्याच्या रकान्यावर विसंबणाऱ्या विक्रेत्याचीही अशीच होते.

पुढे छत्रपती राजारामांच्या काळात जिंजी येथे प्रल्हाद निराजी यांच्यासाठी प्रतिनिधी हे पद निर्माण झाले व त्यास अष्टप्रधानांहून वरचा मान मिळाला. जुन्या चौकटी तशाच राहिल्या, वर एक नवी चौकट बसली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. त्यानंतरच्या काळात पेशवेपद एकाच घराण्यात वंशपरंपरेने चालले. १७४९ मध्ये छत्रपती शाहूंचे निधन झाल्यावर सत्तेचे केंद्र साताऱ्याहून पुण्यास सरकले. तथापि पेशव्यांना पदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत. कागदावरील रेघ साताऱ्याकडे जात होती, निर्णय मात्र पुण्यात होत होते. अशा आलेखात तांत्रिक चूक एकही सापडणार नाही, आणि तरीही केवळ त्यावर भिस्त ठेवणारा वकील चुकीच्या दरबारात ताटकळत बसला असता.

हा दोष दूर करण्याचा एक उपाय म्हणजे नोंदीस कालखंड जोडणे. जुन्या नावावर नवे नाव लिहिले की इतिहास पुसला जातो. सुरुवातीची व अखेरची तारीख ठेवली तर दोन्ही नोंदी टिकतात. औपचारिक वरिष्ठ व प्रत्यक्ष प्रभाव असलेली व्यक्ती यांसाठी वेगळे रकाने ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

जव्हारच्या बाबतीत अशा किमान तीन नोंदी कराव्या लागतील : १६६४ ची भेट, १६७२ ची स्वारी आणि १९४८ मधील संस्थानाचे विलीनीकरण. यांतील १६६४ ची नोंद पुसून त्याजागी १६७२ ची लिहिली तर शिरपामाळावरील तुऱ्याला आलेखात स्थान राहत नाही. उलटपक्षी १६६४ चीच नोंद कायम ठेवली, तर मोरोपंत फौजेनिशी जव्हारवर का आले, हे त्या आलेखावरून कोणासही सांगता येणार नाही.