‘परवानगी नाकारली’ : लिनक्सवरील डेटाबेस आणि नकाराधिकाराची तीन स्थित्यंतरे

लिनक्स प्रणाली अद्ययावत केल्यानंतर काल-परवापर्यंत सुरळीत चालणारा डेटाबेस सुरू होत नाही आणि नोंदवहीत ‘त्रुटी क्रमांक १३ : परवानगी नाकारली’ एवढेच वाक्य उमटते, हा अनुभव संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्यांस अपरिचित नाही. हे वाक्य युनिक्सच्या काळापासून जसेच्या तसे चालत आले आहे. मात्र ते उच्चारणारी सत्ता या अवधीत तीन वेळा बदलली. वाक्य जुने आणि सत्ता नवी, या विसंगतीतच प्रस्तुत प्रश्नाचे मूळ आहे.

पहिली सत्ता फाइलीच्या मालकाची होय. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या नियमपुस्तिकेत मालक आणि इतर एवढाच भेद होता. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत मालक, गट व इतर अशी त्रिविध विभागणी स्थिरावलेली दिसते. कोणास वाचू द्यावे व कोणास लिहू द्यावे, हे येथे मालकाने ठरवावयाचे आणि ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्यास कोणतीही आडकाठी नसावयाची. ‘सर्वांस सर्व मुभा’ देणारा ७७७ हा अंक अडचणीवरील रामबाण उपाय समजला जाऊ लागला, तो याच व्यवस्थेत. तथापि तो तेव्हाही निर्दोष नव्हता. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस तर आपली विदा-निर्देशिका इतरांस खुली आढळताच सुरू होण्याचे नाकारतो. म्हणजे परवानगी सैल करणे हेच तेथे अपयशाचे कारण ठरते.

दुसरी सत्ता धोरणाची. प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, हे तत्त्व सॉल्टझर व श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात स्पष्टपणे मांडले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० साली प्रसिद्ध केलेली ‘एसईलिनक्स’ ही योजना २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली आणि २००५ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ४ मध्ये ती मूळचीच कार्यान्वित होती. मायएसक्यूएल व पोस्टग्रेस्क्यूएल हे दोन्ही डेटाबेस तिच्या कक्षेत होते. उबुंटूने ‘ॲपआर्मर’चा मार्ग पत्करला व २००८ च्या ८.०४ या आवृत्तीत मायएसक्यूएलसाठी स्वतंत्र नियमपत्र दिले. या व्यवस्थांत मालकाची संमती आवश्यक असते, पण पुरेशी नसते. एसईलिनक्समध्ये प्रत्येक फाइलीवर एक खूण असते. विदा दुसऱ्या जागी नेताना तिला त्या नव्या जागेची खूण लागली, तर मालकी निर्दोष असूनही प्रवेश नाकारला जातो. ॲपआर्मर खुणेऐवजी मार्ग पाहतो; नियमपत्रात नसलेल्या मार्गावरील विदा त्याच्या लेखी परकीच.

तिसरी सत्ता सेवाव्यवस्थापकाची. २०१० मध्ये पुढे आलेल्या ‘सिस्टिमडी’ने सेवा सुरू करण्याचे काम हाती घेतले आणि २०१४ मध्ये सेवेपासून वापरकर्त्यांच्या गृह-निर्देशिका झाकून ठेवण्याची सोय केली. मारियाडीबीच्या सेवापत्रात ही अट घातलेली असते. जागेच्या टंचाईमुळे ज्यांनी विदा गृह-निर्देशिकेखाली ठेविली, त्यांच्या सेवेस ती जागा रिकामी व अगम्य दिसते. येथे अनुमती-अंक बदलून काहीही साधत नाही.

अशा रीतीने एकाच वाक्यामागे तीन न्यायासने उभी आहेत. तेव्हा नकार कोणी दिला, हा प्रश्न उपायापूर्वी विचारला पाहिजे. मालकी व अनुमती-अंक प्रथम पाहावेत. त्यांत दोष नसल्यास एसईलिनक्स वा ॲपआर्मर यांच्या नकाराच्या नोंदी लेखापरीक्षण-नोंदवहीत अथवा गाभ्याच्या नोंदींत शोधाव्यात. आणि शेवटी सेवापत्र वाचावे.

परंतु हा दोष अद्ययावत करण्याच्या वेळीच का प्रकटतो? याचे एक महत्त्वाचे कारण असे की, पूर्वी दिलेली सवलत योग्य दप्तरी नोंदविलेली नसते. एसईलिनक्समधील खूण केवळ फाइलीवर बदलली व धोरणात नोंदविली नाही, तर खुणा पुन्हा लावल्या जाताच ती पुसली जाते. सिस्टिमडीच्या मूळ सेवापत्रात केलेला फेरफार नव्या आवृत्तीच्या सेवापत्राखाली नाहीसा होतो. स्थानिक पुरवणीत लिहिलेला मात्र टिकतो. ॲपआर्मरनेही स्थानिक भर घालण्यास वेगळी जागा राखून ठेविली आहे. अद्ययावतीकरण नवा दोष निर्माण करतेच असे नाही. पुष्कळदा ते जुन्या, अलिखित सवलतीचा हिशेब मागते.

हे न जाणता अनेक ठिकाणी एसईलिनक्स समूळ बंद करून अडचण निवारली जाते. डेटाबेस चालू होतो. पण त्यात एखादे छिद्र निघाल्यास घुसखोरास त्या प्रोग्रामच्या कक्षेतच रोखून धरणारी भिंत त्याबरोबर जमीनदोस्त झालेली असते. एका फाइलीच्या परवानगीसाठी संपूर्ण धोरणाचा बळी देणे, हा मालकशाहीच्या काळातील सवयीचा धोरणशाहीच्या काळावर उमटलेला ठसा होय. साधने बदलली तरी ती हाताळण्याची रीत मागील युगातच रेंगाळते, या इतिहासातील परिचित घटनेचे हे एक अर्वाचीन उदाहरण म्हणता येईल.