‘सा’ कुठे धरायचा?

आरतीच्या तालमीत पेटीवर बसणाऱ्या एका मुलीने यंदा मला अडवले. कीबोर्डच्या पुस्तकात पाच रेघांच्या सुरुवातीला वळणदार ‘क्लेफ’ असतो; आपल्या स्वरलिपीत तो का नाही?

प्रश्न रास्त होता. क्लेफ म्हणजे किल्ली. ट्रेबल क्लेफ खालून दुसऱ्या रेघेवर ‘जी’ पक्का करतो, बास क्लेफ चौथीवर ‘एफ’. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चच्या शाळांत लहान मुले हे वाचायला शिकत. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताला लिहिलेले वाचून वाजवणारे अनेक वादक गोव्यानेच दिले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा त्यांतलेच.

आपला ‘सा’ मात्र गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सरकतो. त्यामुळे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीला किल्ली लागतच नाही. मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. इतक्यावर काम भागते. घराण्यांत तोंडी जपलेल्या कितीतरी चिजा त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अशाच छापल्या. मींड कागदावर उतरत नाही, हे खरे. पण चीजच हरवली तर मींड घेणार कशावर?

त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर आपल्या शेजारच्या खैरागढला, १९५६ साली स्थापन झालेल्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते. भिलाईतल्या किती मराठी घरांना हे ठाऊक असेल?

मुलीने आधी काळी एकचा ‘सा’ धरला, मग पांढरी चारचा. वहीतले एक अक्षरही बदलावे लागले नाही.